कुलूपबंद घराला कान

देवपूर, गुरुवार, दिवेलागण

लिही दीपे, आजचंही पान फोनवरूनच सांगते, आणि आधी हे लिही की कालचं पान माझ्या वहीत उतरवायला तू विसरलीस. जंतूंची नावं पाठ, आजीची वही तेवढी आठवत नाही.

तुझंच डोक्यात घोळतंय. जळगावात तू जंतूंची कोणती जनुकं जागी, कोणती झोपलेली ते बघतेस. जागं असेल ते आरएनएचे तुकडे सोडतं. पण झोपलेल्यांच्या नावावरही दोन-चार तुकडे निघतातच. मग जागं-झोपलेलं यांत रेघ कुठे मारायची? तुझं लाडकं जनुक अगदी काठावर, आणि उद्या सरांना सांगायचंय.

जरा डोळा लागला, तर माहेरचं जातं ऐकू आलं. भिंतीला भिंत लागलेली घरं, शेजारचं दळण आमच्यात घरघरायचं. आई अहिराणी वळणानं म्हणायची, "आधी कुलूपबंद घराला कान लाव. तिथे येतो तो शेजारचा आवाज. दुसऱ्या घरातून त्याहून जास्त आला, तर ते घर जागं शे."

तुझ्या जंतूत जनुक नसलेल्या रिकाम्या जागा असतील ना? तीच कुलूपबंद घरं. आधी तिथलं मोज. लाडकं त्याच्या वर नाही निघालं तर? मग झोपू दे त्याला. उगाच जागं म्हणू नकोस.

आणि भरताची हिरवी वांगी पाठव. काटेरी देठाची बघ.