मेण पुसायला काय वापरू

सिग्नेट, टास्मानिया
१८ जुलै १९८९

प्रिय गार्थ,

तुझं कार्ड येऊन तीन आठवडे झाले. उशिराला इथल्या जुलैतल्या थंडीचं कारण देणार होते, पण शाई काही गोठलेली नाही. आम्ही बरे आहोत. बाबांचा उजवा डोळा गेलाच, डाव्याने आता फक्त उजेड कळतो, तरी लाकडं फोडायला कुऱ्हाड मागतात. मी ती लपवून ठेवली आहे. म्हातारी कुत्री चुलीपासून हलत नाही. तिकडे फ्रीमँटलला निदान सकाळी अंगणात बर्फ तरी मोडावा लागत नसेल.

चार वर्षांत थेंब घेतला नाहीस हे वाचून फार बरं वाटलं. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी कार्ड मागून घेतलं आणि खिशात ठेवलं.

आता तुझा प्रश्न. बोटीतल्या जुन्या टेबलावर मेणबत्तीचं मेण सांडलंय, पॉलिश कशाचं ते ठाऊक नाही, पुसायला काय वापरू? तर आधी मेण गार होऊ दे आणि खेळातल्या पत्त्याच्या कडेने खरवडून काढ. उरलेल्याला टर्पेंटाइन. त्याने मेण विरघळतं आणि लाखदाण्याच्या पॉलिशला काही होत नाही. स्पिरिट अजिबात नको. लाखेचे दाणे स्पिरिटमध्येच विरघळवून ते पॉलिश करतात, तेव्हा स्पिरिट लागलं की मेणाबरोबर पॉलिशही उठून येतं. थिनर तर बाटलीतच राहू दे. आणि काहीही लावण्याआधी टेबलाच्या पोटाखाली, जिथे कुणी बघत नाही तिथे, काडीला कापूस गुंडाळून लावून बघ. टर्पेंटाइनला दाद दिली नाही आणि स्पिरिटने चिकट झालं, तर लाखदाणाच समज.

हे सगळं मला कुणी शिकवलं? तूच, बाबांच्या फर्निचरच्या कारखान्यात, मी सोळा वर्षांची असताना. बाटलीचा वास न घेता फडकं भिजवलं तर हातावर चापट मारायचास. तुला हे विचारायची काही गरज नव्हती. म्हणूनच कार्ड मी दहादा वाचलं. ताकाला जाऊन भांडं मी किती वर्षं लपवणार?

आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्या पार्टीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. डोळे जायच्या आधीचं बाबांचं शेवटचं काम, आईसाठी केलेलं ब्लॅकवूडचं टेबल, आणि त्यावर मेणाचे ओघळ. आई उठायच्या आत पुसून टाकावं, म्हणून मी कारखान्यातून बाटली आणली. टर्पेंटाइन आणि स्पिरिट, दोन्ही बाटल्यांतलं पाण्यासारखंच दिसतं. मी वास घेतला नाही, खाली लावून बघितलं नाही. फडकं फिरवलं, आणि टेबलाचं सगळं तेज फडक्यावर आलं.

एवढंच असतं तर चूक म्हणून सुटले असते. पण खिडकीत तुझा रमचा पेला होता, तळाशी थोडी उरलेली. मी तो आणला आणि त्या डागावर आडवा केला. दारूनेही लाखदाणा उठतो, हेही तुझ्याकडूनच शिकले होते.

बाबांनी डागावर हात फिरवला. त्यांची बोटं चिकटली. "पिणार नाही म्हणून आईला शब्द दिला होतास," ते म्हणाले, "आणि माझ्या कामावर ओतलीस. जिथे ती मिळते तिथेच जाऊन राहा." तू वाकून बघितलंस. सांडलेली दारू डबक्यासारखी पसरते, आणि इथे तर फडक्याचे फटकारे स्पष्ट दिसत होते. तू माझ्याकडे पाहिलंस. मी किटली भरायला गेले. परत आले तेव्हा तुझी टोपी खुंटीवर नव्हती.

आईच्या मातीलाही तू फाटकाबाहेरच उभा राहिलास. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली होती, गार्थने निदान चुकलं एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी तिची उशी सारखी केली. गार्थ, मला लाज वाटते. तिच्या थडग्यावर फुलं ठेवतानासुद्धा वाटते.

काल बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी खिशातलं तुझं कार्ड चाचपलं. मग विचारलं, "त्याला कळलं होतं?"

मी हो म्हणाले.

"आणि तरी बोलला नाही." ते उठले, चाचपडत टेबलापाशी गेले आणि सात वर्षं त्यावर घातलेला कपडा ओढून काढला. "हा आता घालायचा नाही. विचारेल त्याला सांगायचं. तुझ्याच तोंडाने."

आज शेजारच्या पायबसबाई भोपळ्याचे ताजे भाजलेले स्कोन घेऊन आल्या. गार्थचा डाग अजून तसाच का, म्हणाल्या. मी म्हटलं, तो गार्थचा नाही, माझा आहे, रमसुद्धा मीच ओतली. बाईंचा चहा तसाच राहिला. उद्यापर्यंत गावभर होईल. होऊ दे, सात वर्षं गावात तुझं नाव झालंच की.

तो डाग मी एका दुपारी काढू शकते, पण हात लावणार नाही. काढायचा की ठेवायचा, ते तू ठरव. बाबांनी आज स्वतः सांगून बरणीत स्पिरिट ओतून लाखदाणा भिजत घालायला लावला. या वेळी मी बाटलीचा वास घेतला. भिजवलेला सहा महिने टिकतो, हे तुला ठाऊकच आहे. बाबा तेवढे टिकतील की नाही, मला सांगता येत नाही.

'तुझी' लिहायचा हक्क अजून नाही, म्हणून नुसतीच,
नेरिडा