उघड्या गोणीतला चुना

११ सप्टेंबर

पाऊस हटत नाही! अवसरीत टोमॅटोवर करपा आलाय, म्हणून सकाळपासून दुकानात मोरचूद न्यायला झुंबड. अब्बांनी आज पहिल्यांदा मला गिऱ्हाइकांशी बोलू दिलं. केमिस्ट्रीची पदवी घेऊन दीड वर्ष नुसती खोकी उचलतेय.

अवसरीच्या कुशाबाई आल्या. नवरा गेल्यावर एकटीने लावलेला त्यांचा हा पहिलाच प्लॉट. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं फवारायचं पाणी, घरीच करणार. म्हणाल्या, "आमचं मालक आदी त्यात विळा बुडवायचं. तांबडा झाला की चुना वाढवायचा." मला हसूच आलं. म्हटलं, मावशी, मोरचूद आम्ल, चुना त्याला मारतो. किलोला किलो घाला, झालं! विळ्याला काय कळतंय?

अब्बांनी ऐकलं. मान हलवली. काय सांगू किती बरं वाटलं.

१२ सप्टेंबर

आज फवारलं असेल त्यांनी.

१४ सप्टेंबर

कुशाबाई पिशवीत पानं घेऊन आल्या. कडा जळालेल्या, फुलं गळालेली. हा करपा नाही. मोरचुदातलं तांबं मोकळं राहिलं की पान असं भाजतं. भांडल्या नाहीत. "तूच बग," एवढंच म्हणाल्या, आणि गेल्या.

अब्बा म्हणाले, "फवारल्यावर ऊन पडलं म्हणून सांग. विषय संपला."

पण वजन तर बरोबर होतं! मोरचूद, चुना दोन्ही मीच तोलून दिलं होतं!

१५ सप्टेंबर

चुन्याची गोणी. तोंड जूनपासून उघडं. ते बांधायचं काम माझं.

चिमूटभर चुना बशीत घेतला, लिंबू पिळलं — फसफसला! ताजा चुना असा फसफसत नाही. पावसाळी हवा खाऊन त्याचा खडू झालाय. वजन भरलं, पण मोरचुदातलं तांबं बांधून ठेवायचा जोर कधीच गेला होता. हेच परीक्षेत लिहून मी मार्क मिळवलेत. लाज वाटते.

ऊन म्हणू का? कुणाला कळणार आहे? दिवसभर एकच खोकं इकडून तिकडे ठेवत होते.

१६ सप्टेंबर

अवसरीला गेले. गोणी, लिंबू, सगळं सांगून टाकलं.

कुशाबाईंनी जळक्या सरीतली पानं खुडायला घेतली. मग म्हणाल्या, "विळा तांबडा झाला व्हता, पोरी. दोनदा पुसून बुडिवला. पन तू एवढी शिकल्याली. मला वाटलं, माझाच विळा खोटा."