दोन्ही डावे बैल

प्रिय मोठ्याबाई,

पत्र लिहायची आपल्याला सवय कुठे होती? एका चुलीवर अर्धं आयुष्य काढलेल्या जावा एकमेकींना कशाला पत्रं लिहितील! तुम्ही न्हाणीत असलात तरी मी स्वयंपाकघरातून ओरडून विचारायचे, आणि तुम्ही तिथूनच ओरडून उत्तर द्यायचात. पण आज आपला पोळ्याचा देखावा मारुतीच्या देवळात मांडून आले. तुमच्याशिवाय पहिल्यांदाच. तो कसा मांडला हे तुम्हाला सांगितल्याशिवाय उद्याच्या पुरणाची डाळ निवडायलाही बसवत नाही. शिवाय यंदा तुमची एक चूक निघाली आहे. ती दुसऱ्या कुणाला सांगू?

चूक म्हटल्यावर भुवई वर गेली ना? थांबा, सांगते सगळं.

मी या घरात आले तेव्हा गावाने ‘जावाजावा, उभा दावा’ बघायला जागा धरून ठेवली होती. तुम्ही पातूरकडच्या शेतकऱ्याची लेक, बोलणं सडेतोड. मी अमरावतीची, चित्रकलेच्या परीक्षा पास झालेली आणि त्याची जरा जास्तच घमेंड असलेली. पहिल्याच आठवड्यात माझी भाकरी तव्यावर फाटली आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून विचारलंत, “काय वं लहानी, भाकर तर तुह्यानं होत नाई. मंग तुले येते तरी काय?”

मी डोळे पुसत म्हटलं, “रंगवता येतं.”

“बरं हाय. भाकर जळली का पांढरी रंगवत जाय,” म्हणालात आणि स्वतःच खो खो हसलात. मला तेव्हा तुमचा असा राग आला होता! आता ते हसणं आठवून मीच एकटी हसत बसते आणि तुमचे दीर विचारतात, “काय झालं वं तुले?”

सुहासच्या तान्ह्या पोळ्याचं आठवतं? तुमच्या लेकाने आदल्याच दिवशी लाकडी बैलाचा पाय मोडला आणि घर डोक्यावर घेतलं. तुम्ही मागच्या वावरातून माती आणलीत, ती चाळलीत, तिच्यात घरातलाच कापूस पिंजून घातलात आणि तारेच्या सांगाड्यावर एक बोटभर बैल उभा केलात. शिंगांच्या जागी बाभळीचे दोन पांढरे काटे. मी बघतच राहिले. ज्या बाईला मी नुसती भांडखोर समजत होते तिच्या हाताखाली तो बैल अक्षरशः श्वास घेत होता. मग मी माझा आळता काढला, काजळाची डबी काढली, आणि नाकपुडीला नखांना लावायचा गुलाबी रंग लावला. बाकी पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्यात सुहास तो बैल तळहातावर घेऊन फिरला. घरी आल्यावर तुम्ही बैल उलटासुलटा करून पाहिलात आणि म्हणालात, “नाक चांगलं काढलं तू.”

बस. तेवढ्या चार शब्दांवर आपलं भांडण मिटलं. म्हणजे भांडणं होतच राहिली, पण ती आता रंग किती पातळ करायचा यावर!

त्या बैलाचा पुढे केवढा देखावा झाला. प्लायवूडच्या फळीवर आपलंच गाव. विहीर, चहाची टपरी, काळं वावर, वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण आणि तोरणाखाली सजलेल्या बैलजोड्या. दरवर्षी एखादी नवी जोडी, एखादा नवा माणूस. तुम्ही माती घडवायची, मी रंगवायची. माणसं करताना तुमच्या अंगात काय शिरायचं कोण जाणे. तुमच्या दिरांना दरवर्षी लिंबाखाली झोपलेलंच दाखवलंत! ते चिडायचे. “वहिनी, म्या कामं करतो ना वो!” तुम्ही म्हणायचात, “करता ना. पन झोपता तवा लय सुंदर दिसता.” आणि पुढच्या वर्षी पुन्हा झोपवायचात, फक्त कूस बदलून.

आता गावात खरे बैल बोटांवर मोजण्याइतके. ट्रॅक्टर घरोघर. पोळ्याला तोरणाखाली जितक्या जोड्या येतात त्याहून जास्त आपल्या फळीवर असतात, म्हणून लोक आधी देवळात येतात आणि आपापल्या गेलेल्या बैलांना शोधतात. “हा माहा ढवळ्या,” असं म्हणणारे म्हातारे मी पाहिलेत. तुम्ही कधी नाही म्हटलं नाहीत. नसला तरी असू दे म्हणायचात.

आणि किसनआबा, जन्मभर बैल हाकलेले! देखावा मांडला की पोतं अंथरून समोर बसणार आणि खोड काढल्याशिवाय उठणार नाहीत. माझी खोड दरवर्षी निघायची. एकदा मी हौसेने वावरभर पांढरीशुभ्र बोंडं रंगवली, तर म्हणाले, “पोरी, पोळ्याले कधी कापूस फुटला का?” सगळं वावर पुन्हा हिरवं करावं लागलं. तुम्ही पदराआड हसत होतात, दिसत होतं मला! पण तुमच्या बैलांत आबांना कधी काही सापडलं नाही. याचा तुम्हाला किती अभिमान होता हे तुम्ही लपवायचात, आणि तो सगळ्यांना दिसायचा.

कारण तुम्ही बैल एकटा करतच नव्हतात. एकदा मी विचारलं होतं की दोघांचीही मान वाकडी कशाला, सरळ का नाही करत? तुम्ही माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलंत. “डाव्या अंगाचा बैल जन्मभर डावीकडंच चालते. त्याचा जोडीदार उजवीकडं असते, मंग मान तिकडंच कलते. पयले जोडीदार कोन्या बाजूनं हाय ते ठरवा लागते, मंग बैल करा लागते.” म्हणून आपल्या प्रत्येक जोडीतले दोघे किंचित एकमेकांकडे वळलेले. लोकांना कळायचं नाही की ती जोडी इतकी खरी का वाटते. मला कळायचं, कारण मी डोळे काढायचे आणि दोघांची नजर मला आत वळवावी लागायची.

मागच्या दिवाळीपासून तुम्ही थकत गेलात. हात थरथरतो हे तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत. पदराखाली लपवत राहिलात. काहून लपवलंत? कोण तुमचा हात हिसकावून घेणार होतं? दवाखान्यातून आल्यावर अंगणात उन्हाला खाट टाकून दिली तर तिथेही मांडीवर पाट घेऊन माती मळत बसलात. मी रागावले तर म्हणालात, “बसू दे वं मले. हात चालते तोवर चालू दे.” तुरी काढून झाल्या आणि एका सकाळी हात थांबला. माती अजून ओल्या फडक्यात गुंडाळलेली होती. मी ती कितीतरी दिवस टाकली नाही.

आषाढात मी डबा उघडला. तुमची शेवटची जोडी कापसात ठेवलेली. एक बैल दवाखान्याच्या आधीचा, एक नंतरचा. दोन्ही सुंदर. दुसऱ्याच्या वशिंडावर तुमच्या अंगठ्याची रेघ तशीच राहिलेली. रंगवायला म्हणून मी दोघांना शेजारी उभं केलं आणि माझ्या हातातला कुंचला खाली आला.

एक दुसऱ्याकडे बघत होता. दुसरा भलतीकडे. मी बाजू बदलली, तर आता याने पाठ फिरवली. मोठ्याबाई, तुम्ही दोन्ही डावे केलेत! पहिला कोणता केला होता हे विसरलात तुम्ही. ज्या बाईने बाजू ठरवल्याशिवाय कधी माती हातात घेतली नाही, तिच्या शेवटच्या जोडीची जोडीच होत नव्हती.

मी तिथेच बसून रडले. चुकीसाठी नाही. तुम्ही किती आजारी होतात ते मला त्या दिवशी कळलं.

सुहासला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, “काकू, राहू दे तशीच. न रंगवता काचेत ठेवू. आईच्या हातची शेवटची वस्तू. कोणाला कळणारे?” त्याचं चूक नाही, त्याला तुमचा अंगठा जपायचा होता. पण मी म्हटलं, “किसनआबांना कळेल.” आबा म्हणतील, मोठी चुकली. सगळं गाव म्हणेल. इतक्या वर्षांत ज्या बाईची एक खोड निघाली नाही तिची आठवण त्या एका खोडीने निघेल, हे मला सहन होणार नव्हतं. तुमचे दीर म्हणाले, “एकाची मान कापून उलटी चिकटव.” म्हटलं, तुम्हीच कापा. त्यांनी बैल हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत कापसात ठेवला. “वहिनीचा बैल हाय,” एवढंच म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

मग उपाय एकच होता. दोन डाव्यांना दोन उजवे हवे होते. आणि ते करायला घरात माझ्याशिवाय कोण होतं?

हसू नका! तुम्ही किती वेळा मातीचा गोळा माझ्यापुढे सरकवायचात, आणि मी म्हणायचे, माझे हात रंगाचे. आता बसले तुमच्या पाटावर. पहिला बैल झाला तो बघून तुमचे दीर म्हणाले, “बैल हाय का वराह अवतार?” दुसऱ्याचे पाय रात्रीतून फाकले आणि तो सकाळी पोटावर बसलेला. तिसरा पाठीवर तडकला, कारण कापूस कमी पडला. तुम्ही सांगायचात, मूठभर कापूस. कोणाची मूठ? तुमची की माझी? तुमची मूठ लिंबाएवढी, माझी केवढी! एवढं तरी सांगून जायचं होतं! चिडून मी तुमच्या फोटोसमोर जाऊन भांडले. खरंच भांडले. शेजारीण डोकावून गेली.

पण एका दुपारी कान जमला. मग वशिंड जमलं. मान वळवायची वेळ आली तेव्हा मी तुमचा बैल समोर ठेवला आणि त्याच्या नजरेसमोर माझा बैल वळवला. पहिल्यांदा मला कळलं, तुम्ही इतकी वर्षं काय करत होतात. मी समजत होते तुम्ही बैल करता; तुम्ही जोडी करत होतात.

माझे दोघे तुमच्यासारखे नाहीत. अंगाने थोराड झालेत, एकाचं तोंड फुगलेलं आहे, शिंगांचे काटेही एका मापाचे मिळाले नाहीत. चौघांना मी रंगवलं. तुमच्या अंगठ्याच्या रेघेवर रंग देताना हात अडला, सुहासचा शब्द आठवला. पण पोळ्याला उघडा बैल तोरणाखाली कोण उभा करतो? पातळ रंग दिला आणि पुढे गेले. सुहासला फोटो पाठवला. त्याचा लगेच उलट फोन आला. उद्या सकाळच्या गाडीने येतोय.

आज दुपारी देवळात दोन्ही जोड्या तोरणाखाली ठेवल्या. किसनआबा आले. पोतं अंथरलं. गुडघे आता साथ देत नाहीत, दोघांनी धरून बसवावं लागलं. आबांनी पहिली जोडी पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिली पाहिली.

“डावे मोठीचे हायत,” ते म्हणाले. “उजवे कोनाचे?”

“माहे, आबा.” माझ्या तोंडून वऱ्हाडीच निघालं. तुम्ही असतात तर टाळी दिली असतीत!

“हं. कच्चे हायत.” आबा परत वाकले. “पन नवा गोऱ्हा असाच शिकवा लागते. जुन्या बैलासंगं जुवाले बांधला, का जुना त्याले चालवून घेते. मोठीनं बरोबर केलं. दोन जुने ठेवून गेली तुह्यासाठी.”

मी आबांना सांगितलं नाही की ती चूक होती. सांगणारही नाही. आणि खरं सांगू? आता माझ्यापुरतीही ती चूक राहिली नाही. तुम्ही ठरवून केलंत की विसरून, हे तुमचं तुम्हाला ठाऊक. मला दोन जुने बैल मिळाले.

तेव्हा हे वचन घ्या. देखावा बंद पडणार नाही. पुढच्या पोळ्याला आख्खी जोडी मी करीन, डावाही आणि उजवाही, आणि आबांनी खोड काढली तर ती ऐकून घेऊन पुन्हा करीन. तुमचे दीर लिंबाखाली झोपलेलेच राहतील, त्याची काळजी नको.

आता दिवेलागण झाली. गावात ज्यांचे बैल आहेत त्यांनी त्यांचे खांदे लोणी-हळदीने चोळले. मीही वाटीत जरा लोणी-हळद घेऊन देवळात गेले होते. करंगळीच्या टोकाने चौघांच्या खांद्यांना लावली आणि आपल्याकडे आजच्या संध्याकाळी बैलांना उद्याच्या जेवणाचं बोलावणं करताना म्हणतात ते म्हटलं. चौघांना म्हणून झालं तरी मी हात जोडून तिथेच उभी राहिले, कारण एक आवतन द्यायचं राहिलं होतं.

मोठ्याबाई, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

तुमची,
लहानी