केसलरविरुद्ध एकोणीस मुद्दे

३ मे, शनिवार. संध्या. ६.१०
हरलो. ४१–१३. एकेचाळिसांतले अठ्ठावीस गुण लांब पासवर गेले. चारही वेळा मागची बाजू उघडी. मागे म्हणजे आमचे चिरंजीव मल्हार. इथल्या जर्मन क्लबच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा सेफ्टी, बचावातला शेवटचा माणूस. एकटाच पळत होता बिचारा. स्टँडमधून कोणीतरी त्याच्या नावाने ओरडलं. बचाव आखतो तो डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर केसलर, आणि बोलणी माझ्या मुलाला.
हा केसलर दिवसा फारश्यूलमध्ये गाडी शिकवतो. ब्रेकवर पाय ठेवून पोट भरणारा माणूस. त्याच्याकडून धाडस येणार कुठून.

४ मे
फॅन ग्रुपवर सविस्तर लिहिलं. हा खेळ मला कोणी शिकवलेला नाही. रूलबुक, यूट्यूब आणि तीन वर्षं. दीनानाथने (त्याचा भाचा याच टीममध्ये) लिहिलं, मोहनराव, ब्लिट्झ म्हणजे काय हे गेल्या वर्षी मीच तुम्हाला सांगितलं. मला ते माहीत होतं. त्याला सांगू दिलं, इतकंच.
ग्रुपमध्ये दोन तट. विरुद्ध पार्टी म्हणते, केसलर भला माणूस आहे. भला असणं हा निकष नाही.

६ मे
संकल्प: ग्रुपवर वाद नाही. फक्त पुरावा. सगळे व्हिडिओ, प्रत्येक चाल, एक्सेल.
संध्या. ७: वाद घातला. सुरुवात दीनानाथने केली.

१० मे, शनिवार
हरलो. ३४–२०. मल्हारला फोन. म्हटलं, केसलर तुला बळीचा बकरा करतोय. तो नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये, जा बाबा, गेनाऊ बाबा, म्हणजे हो, बरोबर. मग म्हणाला, लास एस. म्हणजे सोडून द्या. इतका दुखावलाय की बोलवत नाही. वसुधा म्हणते, अहो, त्याला खरंच वाटतंय तुम्ही सोडून द्यावं. वसुधाला फुटबॉल कळत नाही.

१२ मे
शोध लागला. चेंडू सुटायच्या आधी दोन-तीन सेकंद बचावाची मांडणी अचानक बदलते. आतापर्यंत सतरा वेळा. त्यांतल्या चौदा वेळा गुण गेले. अत्यंत चंचल माणूस आहे हा केसलर. व्हिडिओत प्रत्येक वेळी मल्हार हात हलवून त्याचा निरोप इतरांना पोचवताना दिसतो. गुणी पोरगा.

१४ मे
क्लबच्या सभेत केसलरला काढण्याचा ठराव आणायचा तर अर्ज लेखी, सहीनिशी, दहा दिवस आधी. आज दहावा दिवस. स्वतः नेऊन पेटीत टाकला, पेटीचा फोटो काढला. एकोणीस मुद्दे, सव्वीस पानं, एकतीस सह्या. सह्या करणाऱ्यांपैकी चौघांनी तरी तो वाचला असावा. वसुधाने सही केली नाही. म्हणाली, आधी मल्हारला दाखवा. मी म्हटलं, त्याला सरप्राइज राहू दे.

२४ मे, शनिवार. सभा, दु. ३
मुद्दा सातपर्यंत सभा माझी होती. दीनानाथसुद्धा टिपणं घेत होता. मुद्दा आठला पडद्यावर सतरा बदलांचा तक्ता लावला. केसलरने चष्मा लावून तो पूर्ण वाचला. म्हणाला, आकडे बरोबर आहेत. बचाव माझा, जबाबदारी माझी, मी पद सोडतो.
एवढ्यात मल्हार उठला. शेवटच्या क्षणाचे बदल कोचचे नव्हते, म्हणाला. मैदानावर ते सेफ्टी करतो. सतराही माझे. कोचने पहिल्याच मॅचनंतर मला थांब म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. पण बाहेर कोचने कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं, का ऐकलं नाहीस? तर म्हणाला, शिकवणाऱ्याचं ऐकायचं नसतं, आपलं आपण शोधायचं असतं, हे मी घरी शिकलो.
हे वाक्य सभेच्या प्रोटोकोलमध्ये, म्हणजे इतिवृत्तात गेलंय.
मग सगळ्यांनी त्याचं म्हणणं माझ्या तक्त्यावर ताडून पाहिलं. मिनिटं, सेकंद, हात हलवणं, सगळं जुळलं. तक्त्यात एकही चूक निघाली नाही.
(रूलबुकात मांडणी कोण बदलतो हे लिहिलेलं नाही. पुन्हा तपासलं.)
मतदान: केसलर राहिला. विरोधात शून्य. मीही हात वर केला. उरलेला सीझन मल्हार बाकावर. त्याने स्वतःच मागून घेतलं.
मुद्दे नऊ ते एकोणीस मांडायचे राहिले.
जिन्यात दीनानाथ म्हणाला, मोहनराव, काम मात्र चोख हां. टोमणा असता तर बरं झालं असतं.

२५ मे, रविवार. सकाळी ९.४०
मल्हारला तीन फोन. उचलले नाहीत. वसुधाने केला, उचलला. पाच मिनिटं बोलले, मला दिला नाही.
११.१५: शेवटी मेसेज केला, सतरापैकी तीन वेळा तुझा बदल बरोबर होता.
दु. १२.०५: उत्तर आलं. मराठीत. "दोन. तिसऱ्या वेळी त्यांच्या रिसीव्हरच्या हातून बॉल सुटला."
१२.३०: व्हिडिओ पाहिला. दोनच.