पान एकशे बाराची तळटीप

मुलुंड, ४ ऑगस्ट १९८६

चि. वसुधा हिस मधुदादाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पुस्तक पोचलं. लंडनचा छाप, कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरांत आपलं आडनाव. कोकणातल्या गिरणी कामगारांवर एवढं जाड पुस्तक होतं हे ठाऊक नव्हतं. ते बिचारे स्वतः तर काटकुळे असतात.

आधी ऋणनिर्देश वाचला. सगळेच तसं करतात, मी कबूल करतो इतकंच. ‘अविरत चहा’बद्दल नवऱ्याचे आभार आहेत. तुला मुलाखती देणाऱ्या मरोळच्या सहदेवचे आहेत, टायपिस्टबाईंचे आहेत. तुला ‘रामः रामौ रामाः’ घोकवणाऱ्या चुलतभावाचे नाहीत. नीला म्हणते, पोटात दुखतंय तर ओवा घ्या. घेतला. उतार नाही.

माझा प्रबंध एकवीस वर्षं माळ्यावर आहे. त्यालाही बांधणी आहे, सुतळीची.

लोभ आहेच, सध्या जरा आंबट आहे इतकंच.

तुझा मधुदादा

अंधेरी, ९ ऑगस्ट

ती. मधुदादास सा. न. वि. वि.

अरे, ऋणनिर्देशावरच थांबलास? पान एकशे बारा उघड, खाली तळटीप बघ. पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे गौरीजेवणाला तूच ‘चाकरमानी’चं मूळ सांगितलंस ना? मूळ शब्द चक्रमानी. स्वतःला पंडित समजतो तो पंडितमानी, तसा स्वतःलाच चक्र समजतो तो चक्रमानी. यंत्रापुढे उभा राहून यंत्र झालेला माणूस! माझं अख्खं पाचवं प्रकरण त्या शब्दावर उभं आहे, आणि तळटीपेत तुझं पूर्ण नाव आहे, पुढे ‘संस्कृतज्ञ, मुलुंड’.

तिकडच्या परीक्षकाने नेमकं तेच प्रकरण उचलून धरलंय. ऑक्टोबरात लंडनच्या परिसंवादात मी त्यावरच बोलणार. पुस्तकाची स्वस्त आवृत्तीही निघतेय, दुरुस्त्या महिनाअखेर हव्यात. तुझ्या नावाचं स्पेलिंग तेवढं तपासून कळव. नंदकुमार म्हणतो, दादांना माझ्या चहापेक्षा वरचा मान मिळाला.

आता तरी लोभ गोड कर.

तुझी वसुधा

मुलुंड, १४ ऑगस्ट

चि. वसुधास आशीर्वाद.

पान एकशे बारा चारदा वाचलं. नीलाला वाचून दाखवलं, शेजारच्यांनाही.

स्पेलिंग बरोबर आहे. व्युत्पत्ती खोटी आहे. ‘चाकर’ फारसी शब्द. त्यात चक्र नाही, संस्कृत नाही, काही नाही.

त्या दिवशी पंगतीत जो तो तुझ्या शिष्यवृत्तीचं बोलत होता. माझ्या पानात पुरणपोळी वाढायचंही कुणाला सुचेना. मग मी तो शब्द जुळवला. वाटलं, तू हसशील. तू वही काढलीस. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, पोळी आली, वर तूप आलं, आणि मला खरं सांगवेना.

छापात माझं नाव आयुष्यात एकदा आलं, आणि ते खोड म्हणून मीच सांगतोय. परिसंवादात कुणी फारसी जाणणारा उभा राहण्याआधी दुरुस्ती कर. चक्रमानी कुणी नव्हता, वसू. पंडितमानी मात्र एक होता, मुलुंडला.

लोभ मागायला तोंड नाही.

मधुदादा

अंधेरी, २५ ऑगस्ट

ती. दादास नमस्कार.

लगेच उत्तर लिहिलं असतं तर ते छापण्याजोगं नसतं. आठवडाभर नंदकुमारनेही चहा विचारून केला.

मग मरोळला सहदेवकडे गेले. गिरणी सुटल्यापासून तो तिथल्या एका कारखान्यात वॉचमन आहे. त्याला विचारलं, चाकरमानी म्हणजे रे काय? तीन वर्षं त्याच्या मुलाखती घेतल्या, पण हे त्याला कधी विचारलं नव्हतं. तुला विचारलं, कारण तू शिकलेला! तो म्हणाला, “बाय, चाकरी होती तवसर मान होतो. आता दोनय नाय.”

पाचवं प्रकरण नव्याने लिहून धाडलं. परिसंवादात तेच वाचीन. तळटीप आता सहदेवची आहे. तुला ऋणनिर्देशात हलवलंय: ‘काढून टाकलेल्या एका तळटीपेबद्दल मधुकरदादाचे आभार.’ नंदकुमारच्या वर.

राग अर्धा उरलाय, लोभ पूर्ण.

वसुधा

मुलुंड, ३० ऑगस्ट

चि. वसुधास अनेक आशीर्वाद.

सहदेवची व्युत्पत्तीही शास्त्राला धरून नाही, हे नोंदवून ठेवतो. पण तीन दिवस ती डोक्यातून जात नाही. मला का सुचली नाही म्हणून जळफळाट होतोय. घरातला ओवा संपला.

नंदकुमारच्या वर आहे, हे त्याला सांगितलंस ना?

यंदा गौरीजेवणाला येतोय. तोंड फक्त खायला उघडीन. सहदेवलाही बोलाव. त्याला माझ्याआधी वाढलंस तरी चालेल.

पहिली पोळी फक्त.

तुझा मधुदादा