कोहळे जाईनात, जयवंता येईना

प्रिय धम्मानंदभाऊ यांस,

नागपूरहून तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा संघपाल याचा पिवळ्या हातांनी सप्रेम जय भीम. (हात पिवळे का, ते पुढे येईलच. या वयात दुसरं लग्न ठरलेलं नाही, घाबरू नका.) तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढता का, की अजून खालच्या खोलीतच मुक्काम? प्रेमिलावहिनी बीपीची गोळी वेळेवर घेतात ना? म्हैस व्याली का? मौद्याला थंडी पडायला लागली असेल, कानाला मफलर बांधत जा. आणि तुमच्या घरी सध्या जी पाहुणी आली आहे, तिची तब्येत कशी आहे? जेवते का? झोपते का? माझं नाव काढते का? काढत असेल तर कोणत्या शब्दांत? (शब्द जसेच्या तसे कळवू नका, जरा सौम्य करून कळवा.)

तुम्ही म्हणाल, हातात मोबाइल असताना हा माणूस पत्र काहून लिहून राहिला? तर भाऊ, तुमचा फोन ती उचलते. मी लावला की पलीकडून "हॅलो" तीच म्हणते, आणि ते हॅलो असं असतं की माझा अंगठा आपोआप लाल बटणावर जातो. म्हणून हे पत्र. आपल्या गल्लीतला गोविंदा, तोच तो छोटा हत्ती टेम्पो चालवणारा, उद्या राखेच्या विटा आणायला मौद्याकडे येतो आहे, त्याच्या हाती देतो. पत्र आहे म्हणून शुद्ध लिहितो आहे. मधे तोल गेला तर आपली बोली येईल, तेवढं सांभाळून घ्या.

तुमच्या बहिणीनं जाताना मला अट घातली, ती तुम्हालाही तिनं सांगितलीच असेल. तरी माझ्या तोंडून ऐका. घरातला शेवटचा कोहळा बाहेर गेला की जयवंता परत येणार, त्याआधी नाही. कोहळा म्हणजे आपला भाजीचा लाल कोहळा. (आमची रोशनी पुण्याला नोकरीला गेल्यापासून त्याला भोपळा म्हणते. पोरगी शिकली, पण कोहळ्याला विसरली.) बरं, नुसते बाहेर काढून भागत नाही. एकही फेकायचा नाही, एकही सडू द्यायचा नाही, आणि आपल्या घरच्या गंजात तर एक फोडही शिजवायची नाही, कारण ते लोकांनी दान दिलेले आहेत, ते लोकांच्याच पोटात गेले पाहिजेत. आता तुम्हीच सांगा, हे बोलणं चुकीचं आहे का? नाही ना? तीच तर पंचाईत आहे. तुमच्या बहिणीचं चुकलं असतं तर मी आज एवढं लिहीत बसलो नसतो.

एवढे कोहळे आले कुठून? मागच्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या गल्लीच्या भोजनदानात भर दुपारी भाजी संपली. दीक्षाभूमीवरून पायी परतणाऱ्या नांदेडकडच्या बाया पुऱ्या हातात घेऊन उभ्या, आणि मी रिकाम्या गंजात पळी फिरवून भाजी शोधण्याचं नाटक करतो आहे. त्यातली एक म्हातारी म्हणाली, राहू दे लेकरा, मिठासंग खाते. भाऊ, ते मला फार लागलं. त्याच दिवशी मी ठरवलं की पुढच्या वर्षी भाजीखातं माझ्याकडे. यंदा मिळालं. मग गल्लीतला जो जो भेटेल आणि विचारेल, काका, यंदा काय देऊ, त्याला मी बाजूला घेऊन सांगायचो, कोहळा दे. टिकतो, पुरतो, आणि पुरीसोबत जमतो. प्रत्येकाला वाटलं हे फक्त आपल्यालाच सांगितलं. कणीक कोणी आणली नाही, तेल कोणी आणलं नाही (ते शेवटी समितीनं धावपळ करून आणलं), पण कोहळे मात्र सायकलवर, स्कूटीवर, ऑटोत बसून, एक तर बाळासारखा दुपट्यात गुंडाळून आला. यंदा भाजी पुरली. पोटभर पुरली, हे मी छाती फुगवून सांगतो, एकही माणूस मिठासंग जेवला नाही. पण मांडव उतरला तेव्हा मागे कोहळ्यांची टेकडी शिल्लक, आणि समितीनं एकमतानं ठराव केला की टेकडी भाजीखात्याच्या प्रमुखाच्या घरी हलवावी. (एवढं एकमत आमच्या समितीत आजवर कशावर झालं नव्हतं.)

जयवंतानं पुष्कळ सोसलं, हे मी नाकारत नाही. दिवाणात कोहळे, शिलाई मशीनखाली कोहळे, आणि कूलर आता मार्चपर्यंत रिकामाच म्हणून कूलरच्या पोटात आणि डोक्यावरही कोहळे. एक दिवस थंडी वाजते म्हणून तिनं रजई काढायला पेटी उघडली, तर रजईवर तीन भल्ले मोठे कोहळे आरामात झोपलेले. तिनं पेटी बंद केली. शांतपणे बंद केली, तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं. मग म्हणाली, "रोशनीचे बाबा, मले एकच सांगा. या घरात कोहळे राहतीन का मी राहीन?" आता भाऊ, याचं उत्तर अंगणवाडीतलं पोरगंही देईल. पण माझ्या डोक्यात नेमका त्याच वेळी गोविंदाच्या गाडीत किती कोहळे मावतील याचा विचार सुरू होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "थांब, विचार करून सांगतो."

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ती तुमच्याकडे आली.

त्यानंतर मी काय काय केलं ते ऐका, म्हणजे तुमचा माझ्याबद्दलचा राग थोडा उतरेल (किंवा वाढेल, पण कंटाळा नक्की येणार नाही). आधी मी दोन घरं सोडून असलेल्या नत्थूजींच्या दाराशी भल्या पहाटे गुपचूप एक कोहळा ठेवून आलो. चहा पिऊन दार उघडतो तर आपल्या पायरीवर तो परत आलेला, आणि सोबत अजून एक! मग गाईला आपटून, फोडून दिला. गाईनं प्रेमानं खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या खानदानाला घेऊन दारात हजर झाली. गल्लीत रहदारी बंद पडली, लोक गाईंना सोडून मला शिव्या देऊ लागले, तो उपाय तिथंच थांबला. मग वरच्या मजल्यावरची मिनल मदतीला आली. ती कॉलेजात पर्यावरण शिकते, तिला उरल्यासुरल्याचा सदुपयोग म्हटलं की हुरूप येतो. कूलरवरून पडून एक कोहळा आपोआप दुभंगला होता, त्याच्या अर्ध्या कवटीत दाणे भरून तिनं ती पाखरांसाठी कडुनिंबाला टांगली. पाखरं काही आली नाहीत. आली ती वानरं. त्यांनी दाणे खाल्ले, कवटी चाखून पाहिली, पसंत पडली नाही, आणि नेम धरून माझ्या अंगावर फेकली. भाऊ, मी खोटं सांगत नाही, नेम फार चांगला होता.

उरलेल्या अर्ध्याचा मिनलनं चेहऱ्याला लावायचा लेप सुचवला. कोहळ्याचा गर, बेसन आणि हळद. म्हणाली, काका, बचत गटाच्या बायांना शिकवू, डब्या भरून विकतील, सगळे कोहळे संपतील. मला पटलं. पण आधी चाचणी नको का? कोणाच्या लेकीसुनेच्या तोंडाशी खेळ कशाला, म्हणून मी स्वतःच थापला, हातालाही लावला, आणि पंख्याखाली जरा पडलो. ते जरा फारच लांबलं. उठून धुतो तर रंग जाईना. (नंतर कळलं, हळद चमच्यानं घालायची होती, मी वाटीनं घातली.) तेवढ्यात गॅस सिलिंडरवाला आला, माझ्याकडे पाहून दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "काकाजी, पिलिया झाला का?" मी नाही नाही म्हणेपर्यंत गल्लीच्या टोकापर्यंत खबर गेली. ज्या लोकांनी कोहळ्याच्या भीतीनं पंधरा दिवस माझा रस्ता टाळला, ते उसाचा रस घेऊन दारात उभे! कोणी मुळ्याचा पाला आणला, कोणी गळ्यात घालायला काविळीची माळ आणली. बाजूच्या यमुताई तर माझ्या उशाशी बसून डोळ्याला पदरच लावू लागल्या.

आता यमुताई मूळच्या काटोलकडच्या, शेतकरी घरातल्या, मनानं लोण्यासारख्या. मी म्हटलं, माय, रडता कशाला, त्यापेक्षा एक कोहळा घेऊन जा ना. तर म्हणाल्या, "न्यायचाच हाये नं भाऊ, मले कोहळ्याचे गोड बोंडं तळून आवडतात. पण कापणार कोण? अख्ख्या कोहळ्याले बाईनं पयला चाकू लावू नाई. ते पोटचं मोठं पोरगं असते." आणि पाहतो तर मागे उभ्या असलेल्या चारपाच बाया माना डोलावून राहिल्या! माणूस कोहळ्याला एकदा चाकू लावून मोकळा झाला की पुढं बायांनी कितीही चिरावा, पण पहिला चाकू माणसाचाच. आणि यांच्या घरची माणसं? दिवसभर कामावर. संध्याकाळी आली की, कोहळा कापला तर रात्री भाजी कोहळ्याचीच मिळते हे ओळखून, ती चाकूच्या जवळही येत नव्हती. म्हणजे भाऊ, गल्लीला कोहळे हवे होते! इतके दिवस मी गाईच्या आणि वानरांच्या पाया पडलो, आणि अडलं होतं ते एका चाकूवर.

मी ताडकन उठलो. (पिलियाचा रोगी असा उठलेला पाहून एक बाई किंचाळली.) म्हटलं, मी माणूस नाही का? आणा चाकू. आणि यमुताईच्या ओट्यावर, सगळ्या बायांसमोर, त्यांची सून रीना मोबाइलवर व्हिडिओ काढत असताना, मी पहिला चाकू लावला. तो आत गेला. बाहेर येईना. मी चाकू उचलला, तर त्याच्यासोबत अख्खा कोहळा उचलला गेला. आपटला, तर ओट्याची फरशी तडकली आणि कोहळा जसाच्या तसा. तिसऱ्या वेळी चाकू निसटला आणि माझा अंगठा मधे आला. (अक्षर असं का, हे आता तुम्हाला समजलं असेल.) तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की एवढ्या वर्षांच्या संसारात मी एकही कोहळा कापलेला नाही. आपल्या भोजनदानातही मी नुसता पळी घेऊन पुढं मिरवतो, आणि मागे मांडवात जयवंता पावशीवर (रोशनीच्या भाषेत विळीवर) बसून एकामागून एक कोहळे असे फोडते की जणू काकडी चिरून राहिली. बायांनाही ते आठवलं. यमुताई म्हणाल्या, "जयवंताबाईले आणा नं. तुमच्यात तं चालते बाईनं कापलेलं."

मी म्हटलं, चालते. आमच्या आजीनं छप्पन साली दीक्षा घेतली, त्याच दिवशी असले नियम तिनं घरी न आणता तिथंच सोडले. यमुताई खूश. म्हणे, मग पयला चाकू तिनं लावावा, बाकीचं आम्ही पाहून घेऊ. म्हणजे पाहा भाऊ, नियम त्यांचा, आणि मोडायचं काम आमच्या घरच्या बाईकडे! भांडावं असं वाटलं. पण यमुताई एका हातानं माझ्या अंगठ्याला चिंधी बांधत होत्या आणि दुसऱ्या हातानं उसाच्या रसाचा ग्लास तोंडाशी धरत होत्या, अशा माणसाशी कसं भांडता?

तर अशी परिस्थिती आहे. कोहळे गेल्याशिवाय जयवंता येत नाही, आणि जयवंता आल्याशिवाय कोहळे जात नाहीत. मी मधे पिवळा होऊन बसलो आहे. वहिनींना माझा नमस्कार सांगा, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवा, आणि थोरपणानं या धाकट्याला सांभाळून घ्या.

तुमचा,
संघपाल

ता. क. : हे पत्र जयवंताला दाखवू नका. फक्त ती पावशीवर कोहळे कसे फोडते ते जिथं लिहिलं आहे, तो कागद चुकून तिच्यासमोर पडू द्या. आणि सांगा की गल्लीतल्या बायांनी तिला एका दिवसापुरतं बोलावलं आहे. मी बोलावलं असं सांगू नका.

पुन्हा ता. क. : वरचं खोडा. मीच बोलावलं असं सांगा. एका दिवसापुरतं नाही. सकाळी दोन कप चहा मांडतो आणि दोन्ही मीच पितो. करमत नाही गा भाऊ, बिलकुल करमत नाही.

आणखी एक : यमुताई सकाळपासून फोनवर कोणाला तरी रडून सांगताहेत की माणूस पिवळाधम्मक पडला, डोळेही पिवळे. मी भिंतीवरून ओरडून सांगितलं की हळद आहे, तर म्हणाल्या, भ्रमात बोलून राहिले.

दादा, मी जयवंता लिहून राहिली. हे पत्र टेबलावर सापडलं, गोविंदाची गाडी निघायच्या आधी मीच येऊन पोचली. यमुताईचा फोन आला तेव्हा तू डॉक्टरकडे गेला होता, वहिनीले सांगून तशीच बस पकडली. पूर्ण रस्ताभर रडली. दार ढकललं तं हा माणूस तोंडाले हळद फासून मजेत पत्र लिहून राहिला! पयले मी खूप बोलली, मग हसू आलं, मग हसल्याचा राग येऊन पुन्हा बोलली. मग पावशी घेऊन बसली, बाया ओळीनं उभ्या राहिल्या, आमच्या घरचा दिवाण दिसायले लागला. यमुताईले मी म्हटलं, माय, मोठं पोरगं म्हणता आणि त्याचेच बोंडं तळता, असं कसं? तं तिले इतकं हसू आलं का शेवटच्या कोहळ्याले तिनंच डोळे मिटून चाकू लावला.

दादा, एक काम होतं. वहिनीच्या वेलावरचा मोठा कोहळा जागेवर नाही म्हणून कोणावर आळ घेऊ नका. तो मी आणला. पिलियाच्या माणसाले तिखट-तेलकट चालत नाही, आणि दानाचा कोहळा घरी शिजवायचा नाही हे तं मीच सांगितलं होतं. मग आजारी माणसाले काय देऊ? पिशवी दाराआड ठेवली आहे. हे कधीपासून विचारून राहिले, मौद्याहून माझ्यासाठी काय आणलं म्हणून. भल्ले खूश हायेत. आता कसं सांगू, मले तं लाजच वाटून राहिली.