अण्णांची दाढी

प्रिय बारक्या,

फोनवर तू ‘बरं चाललंय’च्या पुढे सरकत नाहीस आणि मीही ‘इकडेपण बरंय’ म्हणून मोकळी होते. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. दुपारची वेळ आहे, शटर अर्धं खाली ओढलंय आणि अण्णा आतल्या खोलीत आडवे झालेत. त्यांच्या घोरण्यावरून झोप खरी आहे की नाटक, ते मला अजून ओळखता येत नाही.

सगळ्यात आधी बातमी ही, की तुझी ताई आता बऱ्यापैकी केस कापते. हसू नकोस. तू गेल्यावर अर्धांगवायूच्या त्या झटक्यानं अण्णांचा उजवा हात कामातून गेला, तेव्हा दुकान विकायचं की मी उभं राहायचं, एवढाच प्रश्न उरला होता. सुरुवातीला समोरच्या चष्मेवाल्या काकांच्या मानेवर मी अशी काही पायरी पाडली, की बिचाऱ्यांनी कितीतरी दिवस मफलर सोडला नाही. अण्णा गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून ‘कानामागे बघ, कानामागे’ म्हणून ओरडत असतात. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, आमचं भांडण जुंपलंय. दाढी करायला मात्र मला वेळ लागला. पहिल्यांदा कोणाच्या गळ्यावर वस्तरा टेकवला, तेव्हा मी तो परत उचलून दोनदा पुसला. समोरचा अनोळखी माणूस डोळे मिटून, हनुवटी वर करून निवांत बसला होता. एवढा विश्वास आपण सख्ख्या भावकीवरही टाकत नाही.

त्या दिवशी मला तुझी फार आठवण आली. तू त्या मुलीला लग्नाआधी स्वतःहून सांगितलं होतंस, की तुला एचआयव्ही आहे. गप्प बसला असतास तर कोणाला पत्ताही लागला नसता. तिच्या घरच्यांनी बभ्रा केला आणि बघता बघता गल्लीभर झालं. तोंडावर कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. गिऱ्हाईक यायचं, तुझी खुर्ची रिकामी दिसायची, तू टॉवेल झटकून उभा असायचास, आणि ते आपलं बाकावर पेपर उघडून बसायचं. ‘अण्णांचं होऊ दे, मला घाई नाही.’ ज्यांना जन्मात कधी दम धरवला नाही, ते लोक सबंध पेपर वाचून काढायला लागले होते.

आणि त्यात अण्णांनी पाटी रंगवली. ‘येथे प्रत्येक गिऱ्हाइकास नवीन ब्लेड वापरले जाते.’ लाल अक्षरांत. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, लोकांची भीती जाईल. नवीन ब्लेड आपण कायमच लावत आलो, पण पाटी वाचून जुनी गिऱ्हाइकं विचारायला लागली, की म्हणजे कालपर्यंत काय करत होता? चष्मेवाले काका तर आरशात गळा न्याहाळत बसले. ठेवावी तर रोज तोच प्रश्न, काढावी तर आणखी संशय. मग अण्णा तुला म्हणाले, ‘काही दिवस मागं टॉवेलचं बघ.’ तू टॉवेल धुतलेस, वाळवलेस, नीट घड्या घातल्यास आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलास. अण्णांचा मला तेव्हा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

तू तिकडे दुकानातही काम करतोस आणि सुट्टीच्या दिवशी एचआयव्हीच्या उपचार केंद्रात जाऊन नव्या पेशंटांना धीर देतोस, गोळ्या चुकवणाऱ्यांना झापतोस, हे मी इथे सगळ्यांना सांगते. तुझ्या रक्तात आता विषाणू तपासणीतही सापडत नाही, हेही सांगते. मुद्दाम सांगते. कात्री कानाशी असली की माणूस मुकाट्यानं ऐकून घेतो. काही जण अजून विषय बदलतात. काही जण हल्ली ‘कसा आहे तो?’ म्हणून आपणहून विचारतात.

आता अण्णांचं ऐक. त्यांनी दाढी वाढवली आहे. पार छातीवर रुळायला लागली आहे. दुकान दाढीचं आणि मालक दाढीवाला, म्हणून गल्लीत चेष्टेला ऊत आलाय. मी करते म्हटलं, तर नको. काकांनी पलीकडच्या सलूनमध्ये नेतो म्हटलं, तर त्यांच्यावर डाफरले. मला वाटलं, आजारपणानं हट्टी झालेत, नाहीतर माझ्या हातावर भरवसा नसेल.

मग मागच्या महिन्यात त्यांना हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात नेलं. मी केसपेपर काढून आले, तर अण्णा जागेवर नाहीत. शोधत गेले, तर तुझ्यासारख्या पेशंटांच्या रांगेत, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतील असे बसलेले. लोकांच्या भीतीनं पाटी रंगवणारा हाच माणूस. मी उठवायला गेले, तर काठीनं मला बाजूला केलं. नंबर आल्यावर डॉक्टरीणबाईंना त्यांनी सरळ विचारलं, ‘माझ्या पोराला आहे. त्यानं कोणाची दाढी करताना ब्लेड लागलं तर?’ बाईंनी शांतपणे समजावलं. ब्लेड लागलं तर रक्त गिऱ्हाइकाचं येतं, तुमच्या मुलाचं नाही. तो गोळ्या नीट घेतोय. ब्लेड दर वेळी बदला, पण ते तर सगळ्यांनीच करायचं असतं. त्याच्यापासून गिऱ्हाइकाला धोका नाही. अण्णांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, ‘मग त्याला दुकानातून बाहेर कोणी काढलं?’ बाईंना काय माहीत असणार? त्या माझ्याकडे बघायला लागल्या. ‘मीच काढलं,’ असं अण्णाच म्हणाले आणि उठले. घरी येईपर्यंत मला रडू आवरत नव्हतं.

परवा रविवारी दुकान गच्च भरलं होतं. काकांनी नेहमीप्रमाणे डिवचलं, ‘अण्णा, दाढी कधी उतरणार?’ अण्णा म्हणाले, ‘माझा धाकटा येईल तेव्हा. तोच करेल. इथंच, रस्त्याकडच्या खुर्चीत, तुम्हा सगळ्यांसमोर.’ एक जण काम आठवलं म्हणून अर्ध्यातून उठून गेला, अण्णांनी त्याला थांबवलं नाही. गर्दी ओसरल्यावर मला म्हणाले, ‘त्याला पत्र लिही, फोनवर माझ्याच्यानं बोलवणार नाही.’ माफीचं काय लिहू, असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘ते माझं मी बघतो. तू एवढंच लिही, की गळ्यापाशी फार खाजतंय आणि मी दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही.’ तर ते लिहिलं. आता माझं. तुला राग असणार, असायलाच हवा. तो घेऊनच ये. फक्त वस्तरा हातात घ्यायच्या आधी आमच्यावर काय ओरडायचंय ते ओरडून घे, कारण तुझा हात हलला तर चालायचं नाही.

तुझी खुर्ची तात्पुरती सांभाळणारी,
तुझीच,
ताई